संगमेश्वरातलं आठ एकर वडिलोपार्जित रान: ठेकेदाराला द्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमेश्वर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याला आठ एकर सामाईक वरकस, म्हणजे भात न पिकणारी उताराची जमीन आहे. आजोबांनंतर तिथे कुणी काही केलेलं नाही. यंदा गणपतीत गावी गेलात तेव्हा लाकडाचा ठेकेदार घरी येऊन उक्ता भाव सांगून गेला. चुलतभावाचं म्हणणं, एकदा तोड करू, मग जेसीबी फिरवून काजू लावू. तुम्हाला रान राखायचंय आणि पाचशे रोपं लावायची तयारी आहे. कुठली झाडं लावावीत, तिथे कुठले प्राणी असतील आणि सरकारी संरक्षण मिळेल का, हे तुम्ही विचारलंय.

रोपं लावू नका. संगमेश्वर-चिपळूण पट्ट्यातल्या लोकांच्या मालकीच्या रानांत पंचवीस वर्षं हिंडल्यावर माझं पहिलं उत्तर हेच आहे. तुमच्या आठ एकरात झाडांची कमतरता नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत किंजळ, ऐन, जांभूळ, कुंभा, खाली अंजनी आणि पिसा स्पष्ट दिसतात. डाव्या कोपऱ्यातलं जाडजूड खोड बेहड्याचं आहे, त्याच्याकडे नंतर येतो. अशा जागी रोपं लावायची म्हणजे खड्डे काढण्यासाठी आधी 'झाडोरा' साफ करायचा. साफ होतो तो झाडोरा म्हणजे पुढच्या वीस वर्षांचं जंगल असतं. त्यावर कोयती फिरवायची आणि नर्सरीतली पाचशे रोपं उन्हाळ्यात पाणी घालून जगवायची, हा उलटा धंदा मी खूप ठिकाणी पाहिलाय. शेवटी जगतात ती गिरिपुष्पं, नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभळी. सामाजिक वनीकरणातल्या बाभळीखाली कधी जाऊन बघा, वाळक्या पानांच्या थराखाली काही उगवलेलं दिसत नाही.

हे रान आलं कुठून, ते आधी समजून घ्या. तुम्ही त्याला 'हजारो वर्षांचं' म्हटलंय. तसं ते नाही. सातबाऱ्यावर वरकस म्हणजे तुमच्या पणजोबांच्या काळात तिथे आलटून पालटून नाचणी आणि वरी होत असणार, मधल्या वर्षांत गवत, आणि भाताच्या रोपांची जागा, म्हणजे तरवा, भाजायला कवळतोड, म्हणजे कोवळ्या फांद्यांची छाटणी. आत शिरलात तर झाडीत बुडालेले गडगे, म्हणजे दगडी बांध सापडतील, उतारावर जुन्या दळ्यांच्या, म्हणजे छोट्या शेततुकड्यांच्या पायऱ्या दिसतील. मग मुंबईच्या गिरण्यांनी माणसं ओढून नेली, घर मनीऑर्डरवर चालायला लागलं, नाचणी सुटली, गुरं कमी झाली. रान परत आलं ते त्यानंतर. चाकरमान्यांनी गाव सोडल्याचं दुःख सगळे सांगतात. त्याच चाळीस-पन्नास वर्षांत डोंगर पुन्हा झाकला गेला, हे फारसं कुणी बोलत नाही.

झाकला गेला तो खुंटांमुळे. ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा, अंजनी ही झाडं जमिनीलगत तोडली तरी मरत नाहीत, पहिल्याच पावसात खुंटाला फुटवे येतात. वर दोन-तीन वर्षांचा फुटवा दिसला तरी खालचं मूळ शंभर वर्षांचं असू शकतं, आणि ते मूळच उतारावरची माती धरून असतं. ठेकेदार तुम्हाला हेच सांगेल, "दहा वर्षांत जंगल पुन्हा उभं राहील, काळजी नको." यात तथ्य आहे. पण अर्धंच. फुटवे येतात ते फुटणाऱ्या जातींना. काळा धूप, सुरंगी, रानजायफळ यांसारखी सावलीत हळूहळू वाढणारी झाडं तोडीनंतर उघड्या उन्हात तग धरत नाहीत. दर आठ-दहा वर्षांनी तोड होत राहिली की प्रत्येक फेरीत जातींची यादी आखूड होते, खोडं बारीक होतात, आणि मोकळ्या पडलेल्या जागेत रानमोडीचं तण शिरतं. तीन वेळा तोड झालेलं आणि एकदाच झालेलं रान मी तुम्हाला शेजारीशेजारी दाखवू शकतो. रस्त्यावरून दोन्ही हिरवीच दिसतात.

आणि जेसीबी फिरला की हा हिशोबच संपतो. खुंट मुळासकट उपटले जातात. जांभ्यावर लाल मातीचा थर असतो हात-दीड हात, तो पायऱ्या काढताना वरखाली होतो आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत पऱ्यात, म्हणजे ओढ्यात जातो. घाटाच्या पायथ्याला चार महिन्यांत साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, माथ्यावर त्याहून जास्त. २२ जुलै २०२१ ची महापुराची रात्र चिपळूणकर विसरलेले नाहीत. त्याच दिवशी महाडजवळचं तळिये दरडीखाली गेलं. तेवढा पाऊस पडला की दाट जंगलाचा डोंगरही घसरतो, त्यामुळे प्रत्येक दरडीचं खापर तोडीवर फोडणाऱ्यांत मी नाही. पण डोंगराच्या पोटात पायरी खोदून, मुळं काढून, पाण्याची वाट बदलून ठेवल्यावर खाली वाडी असेल तर मला झोप लागणार नाही. तुमच्या जमिनीच्या खाली वाडी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चुलतभावाशी बोलणं त्या प्रश्नापासून सुरू करा.

आता तो बेहडा. फोटोत वरच्या बाजूला, फांदी मोडली तिथे काळा डाग दिसतोय. ती ढोल, म्हणजे खोडातली पोकळी आहे. ठेकेदाराच्या लेखी पोकळ बेहड्याला लाकूड म्हणून किंमत नाही, तो बाकीच्या लाकडाबरोबर वजनावर जाईल. पण तुमच्या आठ एकरातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच असण्याची शक्यता आहे.

ककणेराला, म्हणजे धनेशाला, स्वतः ढोल कोरता येत नाही. आपल्याकडे चार जातींचे धनेश दिसतात: मोठा महाधनेश, काळापांढरा मलबारी कवड्या, फक्त पश्चिम घाटातच सापडणारा मलबारी राखी, आणि गावाजवळही दिसणारा साधा राखी. चौघांनाही आयती पोकळी लागते, आणि महाधनेशाएवढ्या पक्ष्याला आत बसता येईल एवढी पोकळी फक्त म्हाताऱ्या झाडात होते. जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत, जातीप्रमाणे पुढेमागे, मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल, फळांचा गर यांनी तोंड लिंपून घेते. चोचीएवढी फट उरते. त्या फटीतून नर तिला, आणि पुढे पिल्लांना, महिनोन्‌महिने भरवतो. दिवसातून किती तरी खेपा: उंबर, वड, पिंपरी, मधूनच एखादा सरडा. कवड्या धनेश काजऱ्याची फळंही खातो. ज्या बियांचं विष आपल्याला मारतं, तीच बी तो सहज बाहेर टाकतो आणि फळ पचवतो. या दिवसांत नर मेला तर आत कोंडलेल्या मादीचे आणि पिल्लांचे फार हाल होतात. आणि तोड होते ती नेमकी याच महिन्यांत, कारण पावसाआधी लाकूड रस्त्याला लागायला हवं असतं. पाडलेल्या बेहड्याच्या ढोलीतून मेलेलं पिल्लू निघालेलं मी दोनदा पाहिलंय. कामगारांनाही ते बघवलं नव्हतं. त्यातला एक जण पुढे मला ढोली दाखवायला लागला, आणि आज माझ्या वहीतल्या निम्म्या नोंदी त्याच्या आहेत.

ककणेर जाईल तिथे बिया टाकतो. देवराईत खाल्लेलं फळ तुमच्या आठ एकरात पडतं. म्हणूनच रोपं लावू नका म्हणालो, तुमचा माळी आधीच कामावर आहे. गावच्या देवराईचं तुमच्या जमिनीपासूनचं अंतर किती, हे मला कळवा. दीड-दोन किलोमीटरच्या आत असेल तर सुरंगी, काळा धूप यांचं बी कुठून तरी येत राहील. देवराई मात्र शाबूत असायला हवी. हल्ली गावोगाव देवळाचा जीर्णोद्धार निघतो, स्लॅबचं देऊळ उभं राहतं आणि खर्चासाठी राईतलीच झाडं जातात. कौल लावूनच जातात, हे विशेष. गावच्या बैठकीत मुंबईकर मंडळाचा आवाज मोठा असतो, वर्गणी तुमचीच असते. तो आवाज तिथे वापरा.

प्राण्यांची यादी मागितलीत. तुमच्या डोक्यावर घाटमाथ्याला चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, आणि चांदोली-कोयना मिळून २०१० मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. त्याचा बहुतेक भाग घाटावर. खाली उतरलं की संरक्षित म्हणावी अशी जमीन जवळजवळ नाहीच. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडं, रान जवळपास सगळं सातबाऱ्यावरचं. प्राण्यांना सातबारा कळत नाही. गवे उन्हाळ्यात पाण्यासाठी उतरतात, कोळसुंद्यांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा कळप एखाद्या पहाटे भेकराच्या मागे लागून खाली येतो, शेकरू तर तुमच्या किंजळीवर घरटं करून असेलच. पानांचा मोठा गोळा दिसतो, तो कावळ्याचा समजू नका. पिसोरी असेल, पण दिसणार नाही. सशाएवढं, हरणासारखं जनावर, रात्रीचं फिरतं, दिवसा झाडाच्या बुंध्यातल्या खबदाडीत बसतं. खवल्या मांजर असेल तर वारुळं आणि वाळवीचे ढिगारे उकरलेले सापडतील. ते सापडले तर फोटो काढा, पण जागा कुणाला सांगू नका, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर तर मुळीच टाकू नका. खवल्यांच्या चोरट्या व्यापारापायी आपल्या बाजूला अटका झालेल्या आहेत, आणि माहिती देणारे बहुतेक वेळा गावातलेच निघतात. बिबट्या आहे, हे गृहीत धरा.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर चुलतभाऊ म्हणेल हा शहरी माणसाला गोड गोड सांगतोय. रान राखलं की माकडं आणि रानडुकरं वाढल्यासारखी वाटतात, खालच्या शेतकऱ्याची भाजी आणि भात जातं, आणि शिव्या तुम्हाला बसतात. वन विभागाकडून पीक नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा वेळेत व्हायला हवा, आणि गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती पायपीट जमत नाही. शेजाऱ्याचा अर्ज भरून देणं, तलाठ्याच्या मागे लागणं, हे फोनवरूनही होतं. एवढं केलंत तरी शेजारी तुमच्या बाजूला राहतो.

कारण शेजारी फिरला तर फासक्या, म्हणजे तारेचे फास लागतात. मोटारसायकलच्या क्लचची तार डुकराच्या वाटेवर झुडपाला बांधलेली असते. लावतो तो डुकरासाठी, अडकतो बिबट्या. कंबरेत तार घट्ट बसते आणि सोडवायला पथक पोचेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पावसाळा संपला की जमिनीच्या कडेकडेने, विशेषतः गडगा फुटलेला असेल तिथे, एक फेरी मारा. तार दिसली तर काढा. जिवंत जनावर अडकलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, गर्दी होऊ देऊ नका, १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनला फोन करा. जमिनीत जुनी, कठडा नसलेली विहीर असेल तर ती आधी बांधून घ्या. बिबट्या विहिरीत पडल्याची बातमी आपल्याकडे दर वर्षी असतेच.

राखणीचा खरा खर्च मात्र वणव्याचा आहे. सह्याद्रीत आपोआप वणवा लागत नाही. फेब्रुवारी ते मे कोरड्या विजा नाहीत, बांबूवर बांबू घासून आग लागते ही ऐकीव गोष्ट आहे. माणूस लावतो. कुणी काजूची बाग साफ करताना बांध पेटवतो, कुणी शिकारीसाठी, कुणी विडी टाकून, आणि 'जाळलं की गवत चांगलं येतं' हा समज अजून आहेच. आग मोठी झाडं सहसा मारत नाही, म्हणून लोकांना नुकसान दिसत नाही. मरतात ती गुडघ्याएवढी रोपं, म्हणजे ककणेराने पेरलेली सगळी मेहनत. चार वर्षं लागोपाठ जळलेल्या रानात सगळी झाडं एकाच वयाची दिसतात, खाली लहान झाड एकही नाही. तुमच्या फोटोत खाली गर्दी आहे, म्हणजे निदान पाच-सहा वर्षं आग आलेली नाही. हे नशीब आहे, ते टिकवा.

शिमग्याच्या आधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा साफ पट्टा काढायचा. तुम्ही मुंबईतून शिमग्याला येता तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून गावातल्या दोन माणसांना जानेवारीतच मजुरी ठरवून द्या. सीमेच्या आतून दहा-बारा फूट रुंद पट्टा, गवत आणि पातेरा ओढून काढलेला. तो पट्टा पेटवून 'साफ' करू देऊ नका. बरेच वणवे जाळरेषा जाळतानाच सुटतात, आणि हे मी हसत सांगत नाही, माझ्याच देखरेखीखाली एकदा तसं झालंय. वारा पडलाय असं वाटलं होतं. दीड एकर गेलं आणि पुढे दोन वर्षं मी त्या मालकाला तोंड दाखवलं नाही. पऱ्याच्या बाजूला पट्टा काढायची गरज नसते, ओली माती आग थांबवते. तुमच्या आठ एकराला वर्षाला साधारण चार-पाच दिवसांची मजुरी पडेल.

आता काजू. चुलतभावाला खलनायक करू नका. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हापासून आंबा-काजूने इथल्या माणसाला उभं केलंय, आणि गावात राहून कुटुंब चालवणाऱ्याला 'निसर्ग राखा' सांगणं सोपं नाही. त्याचा हिस्सा किती, ते बघा. जमिनीचा खालचा, कमी उताराचा, रस्त्यालगतचा तुकडा असेल तर तिथे त्याला वेंगुर्ला जातीची कलमं लावू द्या. जेसीबी न फिरवता, खड्ड्यापुरती जागा करून, मधली किंजळ-ऐनाची झाडं ठेवून. सावली पडेल तिथे पीक कमी येईल, हे त्याला आधीच सांगा. वरचा उताराचा भाग आणि पऱ्याच्या दोन्ही बाजू राखा. त्याला आजच रोख हवी असेल तर त्याच्या वाट्याला आली असती तेवढी रक्कम तुम्ही देऊन समजूत करा, लेखी करा. दहा हिस्सेदारांत एक नाराज राहिला की त्याची सही घेऊन ठेकेदार तोड सुरू करतो आणि बाकीच्यांना ट्रक गेल्यावर कळतं. हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय की आता कुणी सामाईक सातबारा घेऊन आलं की मी आधी माणसं मोजतो.

राखलेल्या रानातून थोडं उत्पन्नही निघतं. हिरडा, बेहडा, शिकेकाई, रातांबा (कोकम), मध. बाजारात हिरडा-बेहड्याला किलोमागे मिळणारं फारसं नसतं, पण झाड न तोडता, फळ प्रमाणात गोळा करून, प्रमाणपत्रासह औषध कंपन्यांना विकलं तर भाव बरा येतो. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने तुमच्याच तालुक्यात मालकांशी करार करून रान राखण्याचं काम केलं आहे, त्यांच्याशी बोलून बघा. यातून घर चालणार नाही. जाळरेषेची मजुरी सुटेल.

कायद्याचं थोडक्यात. ऐन, किंजळ, खैर, हिरडा, जांभूळ, फणस ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, आपल्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'त खासगी वन किंवा भारतीय वन कायद्याच्या कलम ३५ ची नोंद आहे का बघा. असेल तर आधी वकील गाठा, १९७५ च्या खासगी वन कायद्याचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. पश्चिम घाटातल्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या भरवशावर राहू नका. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, आणि ३१ जुलै २०२४ ला निघाला तो अधिसूचनेचा सहावा मसुदा. मसुद्याने वणवा विझत नाही. स्वतःहून संरक्षण हवं असेल तर वन्यजीव कायद्यातलं 'समुदाय राखीव क्षेत्र' खासगी जमिनीलाही लागू होतं. पण एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला शासनाची मान्यता लागते, म्हणून सगळ्या हिस्सेदारांची मनापासून तयारी असल्याशिवाय त्यात पडू नका. तुमच्या बाबतीत मी आत्ता तो सल्ला देणार नाही.

ठेकेदाराला तूर्त एवढंच कळवा की सामाईकात एकमत नाही, यंदा तोड नाही. भांडू नका, तो शेजारच्या गावचाच असणार.

आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस काढून या. चुलतभावालाही बरोबर आणा. सकाळी सहाला बेहड्यापासून पन्नास-साठ पावलांवर, पानांचा आडोसा करून बसायचं, मोबाइल बंद, पांढरा शर्ट नको. नर आला तर पंखांचा आवाज आधी ऐकू येतो, लांबून इंजिन धापा टाकत यावं तसा. नऊ वाजेपर्यंत आला नाही तर ढोल रिकामी आहे असं समजून आपण बुंध्याशी जाऊन खाली पडलेल्या बिया बघू.